उजवीकडचं पान

दिवसाची ड्यूटी मागून घेतलीस, रंजिता, बरं केलंस. सगळ्या नव्या पोरी तेच मागतात. रात्र म्हटली की भीती, आणि दिवस म्हणजे काय, लख्ख उजेड, खाली भाजीवाला ओरडतोय, शेजारचा कुकर शिट्ट्या देतोय, तिथं कसली आलीय भीती? मीही अशीच शहाणी होते. चहा घे आधी. सहा वाजायला अजून तासभर आहे, तोवर सांगून होईल.

चार वर्षं झाली त्याला. होम नर्सिंगच्या ब्युरोतून मला मल्लेश्वरमची केस मिळाली, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. म्हातारी बाई, खुबा मोडून ऑपरेशन झालेलं. पहिल्या दिवशी येताना तीन वस्तू आणायला सांगितल्या होत्या. एक रबरशीट, पावडरचा मोठा डबा आणि दोनशे पानी लांब वही. रबरशीट अंथरायला, पावडर पाठीला, हे कुणालाही कळेल. वहीचं काही कळलं नाही. आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या दुकानदारानं दोन वह्या पुढे टाकल्या, एक कोरी, एक रेघांची. मी रेघांची उचलली. ती वही त्या घरात मी माझ्या हातानं नेली, हे मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नसायचं. माझ्या संहिताला सातवा महिना सरत आला होता आणि ती मान धरत नव्हती. बाळंतपणात अडली होती, बाहेर आल्यावर रडायला तिला चार मिनिटं लागली, मग दहा दिवस काचेच्या पेटीत. इतर आयांना कुणी ‘प्रत्येक मूल वेगळं असतं गं’ म्हटलं की त्यांचं समाधान होतं. माझं कसं व्हावं? नर्सिंगच्या परीक्षेत बाळाच्या वाढीचा तक्ता मी घडाघडा लिहिला होता. दुसऱ्या महिन्यात ओळखून हसणं, चौथ्यापर्यंत मान, पाचव्यात कुशीवर, आठव्यापर्यंत बसणं, वर्षाला पाऊल. दहापैकी नऊ मार्क पडले होते. डॉक्टरांनी एकतीस मार्चची तारीख दिली होती. तोवर मान सावरली नाही तर मेंदूच्या तपासण्या, आणि मग काय ते कळणार होतं. मला जगाकडून एवढंच हवं होतं, त्या तारखेच्या आत माझ्या पोरीनं डोकं वर उचलावं.

तर ते घर. पंधराव्या क्रॉसवर, पहिल्या मजल्यावर, खाली टेलरचं दुकान. फार जुनं मराठी घराणं, कधी काळी इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. म्हातारीचं नाव वसुमती, पण सगळे अक्काच म्हणायचे. तिचा भाचा शेषगिरी, साठीचा, तोही अक्काच म्हणायचा. तो सकाळी मी आले की वकिलाच्या ऑफिसात जायचा आणि सहाला परत यायचा. मधल्या वेळात घरात फक्त आम्ही दोघी.

खोलीत आजारपणाचा वास नव्हता. स्पिरिटचा होता, आणि कडक धुतलेल्या चादरीचा. पलंगासमोर भिंतीवर मोठं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा लाल. तो इतका मोठ्यानं चालायचा की पहिले दोन दिवस माझं डोकं उठलं.

"नाडी बघ," अक्का म्हणाली. नाव नाही, गाव नाही, थेट हात पुढे.

मी मनगट धरलं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं, आपण सगळ्या करतो तसं. "शहात्तर," म्हटलं.

"चारानं भाग जातो त्याला. गुणलंस." तिनं हात काढून घेतला नाही. "पुरं मिनिट मोज. घाई असली तर खाली ऑटो आहेत, घरी जा."

मी पुन्हा बोटं टेकवली. "आणि अंगठा लांब ठेव. तीन बोटं फक्त. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. रोग्याची म्हणून स्वतःचीच मोजत बसशील." मिनिट झालं. चौऱ्याहत्तर. तिनं मान हलवली. "सरी, आता ठीक. सांग, दुसऱ्यांदा कधी मोजायची?"

"शंका आली तर."

"आणि रोग्याला काय सांगायचं?"

"काही नाही, अक्का."

"तोंडावर पण काही दिसू द्यायचं नाही. ते जमतं का बघू तुला."

मग कळलं. छत्तीस वर्षं तिनं नर्सिंगच्या पोरींना पहिल्या वर्षाचा विषय शिकवला होता. बिछाना कसा घालायचा, रोग्याला कुशीवर कसं करायचं, पाठ कशी चोळायची, तोंड कसं धुवायचं. लग्न केलं नाही. कुणाच्याही हाताखाली पोरी घाबरतात, पण इथं ती माझी रोगी असून मी तिला घाबरत होते. दर दोन तासांनी मी तिची कूस बदलायची, डावी, पाठ, उजवी, आणि ती पडल्या पडल्या माझी परीक्षा घ्यायची. दोन गुडघ्यांमध्ये उशी का? टाचेला काय झालं की सांगायचं? खरं सांगते, मला ती आवडायला लागली होती.

एकदा पाठ चोळून घेताना म्हणाली, "मी पाच वर्षांची होते. आई खाटेवर. डॉक्टर यायला वेळ होता, तर घरच्यांनी मला तिचं मनगट धरून बसवलं. हलतंय तोवर धर म्हणाले." मी विचारलं, मग? "मग काय. धरलं. तेव्हापासून हेच करतेय की मी."

वहीचं असं होतं. डावीकडच्या पानावर तिची नोंद. नाडी, ताप, किती खाल्लं, किती वाजता कूस बदलली. उजवं पान कोरं ठेवायचं. खाली दोन रकाने, ‘दिले’ आणि ‘घेतले’. वॉर्डात ड्यूटी बदलताना आपण करतो तसंच, जाणारीनं रोगी द्यायचा, येणारीनं घ्यायचा, आणि दोघींच्या सह्या झाल्याशिवाय जाणारीनं पाऊल उचलायचं नाही. फक्त अक्का उलटं करायची. सहा वाजता ‘दिले’च्या खाली ती सही करायची आणि ‘घेतले’च्या खाली मला करायला लावायची.

मी हसले. "अक्का, जाणारी मी. मग देणार मी ना?"

"मी पण जाणारच आहे की," ती म्हणाली. मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलतं असं. केली सही.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "पोर किती महिन्यांची म्हणालीस?"

"सात सरतील आता."

"काय काय करते?"

बघ, डॉक्टरांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. शेजारणीनं विचारलं असतं तर भांडले असते. पण ती बाई अख्खा तक्ता कोळून प्यालेली. तिच्यापुढे ‘काही करत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटेना. लाज वाटली गं मला, माझ्याच पोरीची लाज वाटली. मी म्हटलं, "मान धरते."

"लिही मग. उजवीकडे."

"तिचं इथं कशाला, अक्का?"

"लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. शिकवलं नाही का तुला कुणी?"

न केलेली गोष्ट केली म्हणून लिहिणं, आपल्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. हे मला माहीत होतं. पण हे काही रोग्याचं पान नव्हतं, नुसतं म्हातारीचं मन राखणं होतं. मी तारीख घातली आणि लिहिलं, ‘संहिता. मान धरते.’ सहाला दोघींच्या सह्या झाल्या.

आम्ही तेव्हा राजाजीनगरात दोन खोल्यांत राहायचो. नवरा योगीराज पीण्या भागातल्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, घरी सासू ठकुबाई आणि पोर. मी जिना चढते आहे तोच ठकुबाईचा आवाज आला. अथणीचा आवाज, दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जाईल असा. "देवश्री! ये की गं लवकर! पोरीनं मान धरली बघ!"

सासूच्या खांद्यावरून संहिता माझ्याकडे बघत होती. डोकं ताठ, जरासुद्धा डुगडुग नाही. मी तिथंच दारात बसून रडले. ठकुबाईनं मीठमोहऱ्या उतरवल्या, शेजारीपाजारी साखर वाटली. त्या वहीची आठवणसुद्धा मला झाली नाही.

सकाळी गेले तर शेषगिरी अण्णा दारातच उभे. "सिस्टर, अक्काला स्वल्प बघा. उशी नीट नव्हती वाटतं रात्री."

अक्काची हनुवटी छातीला टेकली होती. मी डोकं उचलून उशीवर ठेवलं, ते बाजूला घरंगळलं. मान राहिलीच नव्हती तिला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वय आहे, मेंदूत बारीक झटके येतात. खरंच असतं तसं. अक्का मात्र शांत होती. डोकं एका कुशीला, डोळे माझ्यावर. "काय म्हणतेय पोर?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"मान धरते ना?"

मला वाटलं, कालचंच विचारतेय. मी हो म्हटलं.

दहा दिवस चांगले गेले. मग मला हाव सुटली. कशाची ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आणि काय करते?" आणि मी म्हटलं, "बसते. आधाराशिवाय." लिहिलं. सही केली. घरी येऊन दार उघडलं तर जमिनीवर गोधडी, गोधडीवर संहिता बसलेली. पाठ सरळ, दोन्ही हात मांडीवर. ठकुबाईनं भोवती उशा लावायला घेतल्या होत्या, पण त्यांची काही गरजच नव्हती.

मी तिला उचलून छातीशी धरलं, डोक्याचा वास घेतला. तान्ह्या पोराच्या टाळूला कसा वेखंडाचा, दुधाचा वास असतो... तो नव्हता. स्पिरिटचा होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी अक्काला खुर्चीत बसवायला गेले. ती पोत्यासारखी खाली सरकली. दोनदा सावरली, दोनदा सरकली. परत बिछान्यावर घेताना माझं तोंड तिच्या केसांजवळ आलं, आणि रंजिता, त्या घरात लहान मूल नाही, वेखंड नाही, काही नाही... शहाऐंशी वर्षांच्या त्या डोक्याला तान्ह्या पोराचा वास येत होता.

तेव्हा मला कळलं. एवढी काही मी खुळी नाही.

मी ठरवलं, आता उजव्या पानावर अक्षर काढायचं नाही. रोगी आपल्या ताब्यात असतो, तिचं हिसकावून पोरीला द्यायचं म्हणजे... नाही. अक्का रोज सहाला विचारायची, "पोर?" मी म्हणायची, "काही नवीन नाही." एकदा म्हणाली, "लिहिलं नाही म्हणजे झालं नाही, देवश्री." चिडून नाही. वर्गात सांगतात तसं.

तिसऱ्या दिवशी संहिता बसल्या जागी कलंडली. ठकुबाई म्हणाली, दात येत असतील. पाचव्या दिवशी मी घरी गेले तर ती सासूच्या हातावर आडवी होती आणि तिची मान... पुन्हा आधीसारखी, लोंबत. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होते. एकतीस तारखेला आठ दिवस राहिले होते.

सगळी रात्र जागून काढली. एका बाजूला शहाऐंशी वर्षं जगून झालेली बाई, एका बाजूला आठ महिन्यांचं पोर. तूच सांग, कुठली आई दुसरं काही करेल? असं मी स्वतःला विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. सकाळी गेले. आंघोळ, पाठ, तोंड, सगळं झालं. मग वही उघडली आणि अक्कानं विचारायच्या आधीच उजव्या पानावर लिहिलं. मान धरते. बसते. हाक मारली की वळते. ‘आई’ म्हणते. हे शेवटचं मी का लिहिलं? कारण मला ते ऐकायचं होतं. तिच्याकडून काय जाईल हे मला माहीत होतं, आणि तरी लिहिलं.

संध्याकाळी सही करताना अक्का म्हणाली, "सरी. छान अक्षर आहे तुझं." ते तिचं शेवटचं बोलणं. घरी संहिता बसलेली होती, आणि मला बघून म्हणाली, "आई." इतकं स्पष्ट, की ठकुबाईच्या हातातलं भांडं पडलं. पहिल्यांदा बोलणारं मूल बोबडं बोलतं गं. ही बोबडी नव्हती.

पुढच्या दिवसांत अक्का उलट्या पायऱ्यांनी खाली जात राहिली, मी काही न लिहितासुद्धा. चमचा धरणं गेलं. ओळखणं गेलं. मग एक दिवस तोंड पुसताना माझं बोट तिच्या गालाला लागलं, तर तिनं तोंड तिकडे वळवलं आणि ओठ उघडले... स्तन शोधतात ना पोरं, तसे. तळव्याला बोट लावलं तर तिनं मूठ मिटली. तान्ह्या पोराची मूठ असते ना, घट्ट, सोडवता येत नाही. मी तिचं एकेक बोट उलगडून माझं बोट बाहेर काढलं. घड्याळ चालूच होतं. भर दुपार, खाली टेलरचं मशीन चालू, रस्त्यावर शाळा सुटलेली, आणि मी त्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी होते.

तीस मार्च. उद्या डॉक्टर. संहिता सगळं करत होती, मला उद्याची काळजी उरली नव्हती. तीनच्या सुमारास मी अक्काची पेज गरम करायला स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटं, फार तर सहा. दार आतून बंद. परत आले तर वही तिच्या पोटावर उघडी होती आणि पेन पायथ्याशी.

डावीकडचं पान कोरं. उजवीकडे अक्काचं अक्षर, शिकवणाऱ्या बाईंचं, गोल, एकसारखं. जिला चमचा धरता येत नव्हता तिचं. वर ‘संहिता’, आणि खाली ओळीनं, वय घालून. वय एक, चालते. वय तीन, पूर्ण वाक्यं बोलते. वय पाच, आई गेली. वय सहा, शाळा. वय सतरा, नर्सिंगला प्रवेश. वय तीस, लग्न नाही. वय साठ, निवृत्त. वय शहाऐंशी, खुबा. त्याखाली ‘दिले’, आणि तिची सही. ‘घेतले’ मोकळं.

वय पाचची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आणि फोन वाजला.

"देवश्री..." ठकुबाईचा आवाज ओळखू येईना. "पोर कशीतरीच कराय लागलीया गं... मान टाकलीया... दूध गिळंना... ओठ निळं पडल्यात बघ..."

"हॉस्पिटलला न्या! खाली ऑटो असेल..."

"श्वास घेईना गं ती..."

मी पेन उचललं. माझं पहिलं काम सांगू काय होतं? त्या एका ओळीवर काट मारायची. माझीच ओळ होती ती. पेन टेकवलं मात्र, फोनमधून सासूची किंकाळी आली, अशी की माझा हात आपोआप उचलला गेला. मी अक्काकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. इतके दिवस त्या डोळ्यांत ओळख नव्हती. आता होती. रागही नव्हता, दुष्टपणाही नव्हता. सहा वाजलेत, सही बाकी आहे, मला जायचंय, एवढंच होतं. घड्याळात बघितलं तर तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी ‘घेतले’च्या खाली सही केली. नाव, तारीख, वेळ. वेळ घालायला विसरले नाही, सवय.

फोनमध्ये आधी काहीच नाही. मग पोराचं रडणं. सणसणीत, जन्माच्या वेळी जे चार मिनिटं ऐकायला मिळालं नव्हतं तसं. ठकुबाई देवाची नावं घेत होती. मी अक्काचं मनगट धरलं, तीन बोटं, अंगठा लांब. पुरं मिनिट मोजलं. मोजण्यासारखं काही नव्हतं. तरी मी दुसऱ्यांदा मोजलं, आणि शेषगिरी अण्णांना फोन लावला. ते आले, रडले, माझे हात धरून म्हणाले, "तुम्ही फार केलंत, सिस्टर." वही मागाहून त्यांनी खूप शोधली म्हणे, अक्काचं शेवटचं अक्षर म्हणून. सापडली नाही. माझ्याकडेही नाही, तू माझ्याकडे तशी बघू नकोस.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. संहिता गोधडीवर बसली होती, गाल लाल, मजेत. मी शेजारी बसले आणि तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं. पोरं धरतात तसं मुठीत नाही. तीन बोटं, ओळीनं, नेमकी नाडीवर. अंगठा बाजूला. आणि डोळे वर, भिंतीवरच्या घड्याळावर. मी हललेसुद्धा नाही. एक मिनिट झालं, तिनं हात सोडला आणि खेळायला लागली.

तेव्हापासून रोज, रंजिता. चार वर्षं, रोज सहाला. एकतीस तारखेला डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, अगदी वयाप्रमाणे, उगाच घाबरलात. वर्षाला चालली. तिसऱ्या वर्षी पूर्ण वाक्यं. एकही ओळ चुकली नाही. पुढच्या महिन्यात तिला पाच पूर्ण होतील.

मी तुला हे घाबरवायला सांगत नाही. तू शेजारी राहतेस, ठकुबाई आता थकलीय, योगीराज कारखान्यात असतो. माझं काही झालं तर पोरीकडे बघ, एवढंच. तिला जेवूखाऊ घाल, शाळेत जाऊ दे, पुढं नर्सिंगला गेली तर जाऊ दे, चांगलं काम आहे ते. फक्त कुणी तिच्या हातात वही देऊन सही मागितली तर तिला करू देऊ नकोस, आणि तिनं दुसऱ्या कुणाकडे मागितली तर त्यालाही मुळीच करू देऊ नकोस. आणि मी केलं ते चुकलं असं मला वाटतं का, हे विचारू नकोस. परत तो फोन आला तर मी परत सही करेन.

वाजले बघ. आलीच ती, चपला काढतेय. तू काही बोलू नकोस, नुसती बस. तिला मोजताना मध्ये बोललेलं चालत नाही.

हो, आणि हे राहिलंच... काल तिनं मिनिट झाल्यावर हात सोडला नाही. तोंडावर काही नव्हतं. तिनं घड्याळाकडे बघितलं, आणि पहिल्यापासून पुन्हा मोजलं.